आता बास!

जुनी बासगिटार विकायला काढली की ह्या बाजारातले शौकीन पहिला प्रश्न विचारतात : कुणी हात लावलाय का हिला?

वाजते कशी, मान सरळ आहे का, आवाज कसा सुटतो, हे सगळं नंतर. आधी हात. रंग कारखान्यातलाच ना? आतले सोल्डरचे डाग मूळचेच ना? स्क्रू कुणी फिरवलेत का? पट्ट्या बदलल्यात का? हात लागला असेल तर भाव खाली. रंग पुन्हा दिला असेल तर भाव जवळजवळ निम्मा. आणि साठ वर्षं पेटीत झोपून राहिली असेल, कुणा माईच्या लालानं तिच्यावर घामाचा थेंब पाडला नसेल, तर मग बोलूच नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची फेंडर जॅझ बास अशा अवस्थेत मिळाली तर दहा लाखांच्या वर मागतात. घेणारे घेतात. घेऊन भिंतीला टांगतात.

दोस्तहो, ही भाषा कुठंतरी ऐकलीय ना? न शिवलेलं ते शुद्ध. शिवलेलं ते बाटलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ती पाणवठ्यावर ऐकली. आता ती डॉलरमध्ये बोलली जाते, एवढाच काय तो फरक.

मी गोदीत कंत्राटावर माल उचलतो. दहावीपर्यंत शिकलो. कविता करतो. आणि बास वाजवतो. म्हणजे दिवसा वजन उचलतो आणि रात्री पण वजनच उचलतो. कारण बास म्हणजे संगीतातली हमाली. वर गाणारा गातो, लीड गिटारवाला नाचतो, टाळ्या त्यांना. खाली खर्ज धरून कुणीतरी उभा असतो, त्याच्याकडं कुणी बघत नाही. पण तो थांबला की अख्खी इमारत खाली बसते. हे मला कुणा समीक्षकानं सांगायची गरज नाही. गोदी एक दिवस बंद पडली की ह्या शहराला पण ते कळतं.

आता हे हत्यार मुळात कुणासाठी झालं ते बघू.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्यानं प्रिसिजन बास बाजारात आणली. तोपर्यंत खर्जाच्या कामाला माणसाहून उंच लाकडी डबल बास लागायचा. न्यायला जड, आणि ट्रंपेट-ड्रमच्या गदारोळात ऐकू न येणारा. फेंडरनं लाकडाचा सपाट ठोकळा घेतला, मान जोडली, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, चार तारा ताणल्या, तारांखाली चुंबक बसवला. मान चिकटवली नाही, स्क्रूंनी आवळली. का? तर मोडली की काढून दुसरी लावता यावी म्हणून. म्हणजे ह्या वाद्याचा जन्मच मुळी हात लावण्यासाठी झाला. बिघडलं की उघडा, बदला, पुन्हा कामाला लागा.

१९६५ च्या जानेवारीत फेंडरची कंपनी सीबीएसनं १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. शौकिनांच्या मते माल तिथून घसरला. काही अंशी ते खरंही आहे. पण बाजारानं त्याचं काय केलं? त्या तारखेच्या आधीच्या सगळ्या सोवळ्यात, नंतरच्या सगळ्या ओवळ्यात. वाजवून कोण बघतो? आकडा बघा आणि पायरी ठरवा. जन्मावरून पायरी! हा धंदा आपल्याला कुणी नवीन शिकवू नये.

पण ज्यांच्या बोटांमुळं ह्या गिटारींना इज्जत मिळाली, त्यांच्या गिटारी काढा आणि ह्याच कसोटीला लावा.

जेम्स जेमर्सन. काळा माणूस. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी जगभर वाजली, त्यातल्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांखाली ह्याचा खर्ज. वाजवायचा एका बोटानं, तर्जनीनं. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्याची आधीची फेंडर तर दुसऱ्या एका बासवाल्यानं वापरलेली, वर काळा रंग फासलेली. म्हणजे आजच्या शौकिनाच्या हिशेबानं निम्म्या भावाची. त्या निम्म्या भावाच्या गिटारीवर आणि नंतरच्या १९६२ च्या प्रिसिजनवर त्यानं जे वाजवलं, ते आजही जगातला प्रत्येक बासवाला शिकतो. आणि त्याचं नाव? मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची रीतच नव्हती. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते आलं. कंपनी गब्बर झाली, हा १९८३ मध्ये ४७ व्या वर्षी मेला. मरायच्या थोडे दिवस आधी ती प्रिसिजन चोरीला गेली. अजून सापडलेली नाही. पॉल मॅकार्टनीची १९७२ मध्ये चोरलेली हॉफ्नर जगभर शोध घेऊन २०२४ मध्ये परत मिळाली. चांगलं झालं. जेमर्सनची मिळाली नाही. हा हिशेब पण लिहून ठेवा.

दुसरा जॅको पास्टोरियस. १९६२ ची जॅझ बास, पट्ट्या उपटलेली, फटी बुजवलेली, वर नावेच्या लाकडाला लावतात तो इपॉक्सी. गोदीच्या भाषेत सांगायचं तर बोटीचं रोगण मारलेली गिटार. शौकिनाच्या दृष्टीनं हा खूनच. त्या खुनी गिटारीवर १९७६ मध्ये त्यानं आपली पहिली रेकॉर्ड काढली आणि बासनं काय करायचं, काय नाही, ह्याचे सगळे कायदे मोडले. हात लावला म्हणूनच मोडता आले.

आणि आता निर्लज्जपणाची कमाल बघा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून फेंडरच्याच खास कार्यशाळेत नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, खरवडून, रंग उडवून, लोखंडाला गंज आणून विकायला लागले. कोरीपेक्षा फाटकी महाग! ज्या ठिकाणी वाजवणाऱ्याचं कोपर वीस वर्षं घासतं, त्या ठिकाणचा रंग हे मशीन लावून उडवतात. घाम न गाळता घामाचे डाग. उद्या हमालाच्या खांद्यावरचा घट्टा पण पेटीत घालून विकतील, खाली प्रमाणपत्र जोडून. कष्टाची खूण ह्यांना पायजे, कष्टकरी नको. एकीकडं न शिवलेलं पूजतात, दुसरीकडं शिवल्याचं सोंग विकत घेतात. आणि खरा शिवणारा दारात उभा राहिला, तर त्याला?

त्याला काय, ते मी सांगतो. ह्याच शहरातल्या एका झगमगीत दुकानात मी भिंतीवरची गिटार मागितली. काउंटरवरच्या पोरानं आधी माझे बूट बघितले, मग म्हणाला, "घेणार आहात का ते आधी सांगा." माझ्या मागून आलेल्या जीन्सवाल्याला न विचारता अँप लावून दिला. पोराला शिव्या देण्यात अर्थ नाही, तो पण पगारावर आहे. पण मी जे काही घेतलं ते त्यानंतर कायम जुन्यात घेतलं, वाजवणाऱ्याकडून घेतलं, आणि समोरासमोर बसून घासाघीस करून घेतलं.

ह्यावर आपल्याच एका मित्रानं मला खडसावलं. म्हणाला, "दुसऱ्याचं वापरलेलं कशाला घेतोस? पिढ्यान्‌पिढ्या उतरण घातली, अजून हौस फिटली नाय का?"

प्रश्न खोटा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं नेसावीत आणि फुटक्या भांड्यात खावं असा हुकूमच आहे. ते पुस्तक महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळलं, ते उगाच नाही. पण मित्रा, उतरण आणि जुनी वस्तू ह्यांत फरक आहे. उतरण वरून खाली टाकली जाते. घेणाऱ्यानं मान खाली घालून ओंजळ पसरायची, भाव विचारायचा नाही, दोष काढायचा नाही. जुन्या बाजारात मी उभा राहून दोष काढतो, मान डोळ्यापुढं धरून वाक बघतो, नॉब फिरवून खरखर ऐकतो, "एवढे देणार नाय" म्हणतो, आणि पटलं नाही तर उठून जातो. तिथं दोघंही एका उंचीवर असतात. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २ हजार पुस्तकं जमवली. ती काय उतरण होती? त्या वापरलेल्या पानांतून काय उभं राहिलं ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि संगीतात तर नवं असं जे जे झालं, त्यातलं किती तरी मोडीतून झालं. का? स्वस्त वस्तूची भीती वाटत नाही. दहा लाखांची गिटार हातात आली की माणूस तिला सांभाळत बसतो. पाच हजारांचीवर प्रयोग करतो.

जमैकातल्या किंग्स्टनचा किंग टबी. रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या स्टुडिओनं काढून टाकलेलं चार ट्रॅकचं जुनं मिक्सर त्यानं घेतलं. त्यावर दुसऱ्यांची तयार गाणी घेऊन गाणाऱ्याचा आवाज काढून टाकला, बास आणि ड्रम पुढं आणले, मधेच प्रतिध्वनी सोडले. त्यातून डब झालं. खालचा वर आला! हमाल मंचावर आला आणि मुख्य गायक बाहेर गेला. ह्याच्यापेक्षा मोठी क्रांती मला संगीतात माहीत नाही. आणि ती टाकून दिलेल्या मिक्सरवर झाली.

दुसरी गोष्ट रोलँड टीबी-३०३ ची. १९८१ मध्ये जपानी कंपनीनं काढलेली चंदेरी छोटी पेटी. हेतू हा की बासवाल्याला पैसे द्यायला नकोत, पेटीच बास वाजवील. म्हणजे आमच्या पोटावर पाय. पण पेटीचा आवाज बासगिटारीसारखा येईचना, चालवायची किचकट, १९८४ मध्ये कंपनीनं बंद केली. माल जुन्या सामानाच्या दुकानांत कवडीमोलानं गेला. तिथून ती शिकागोतल्या काळ्या पोरांच्या हाती लागली. त्यांनी नॉब भलतीकडं पिळले, पेटी किंचाळायला लागली, ते किंचाळणंच त्यांनी ठेवलं. १९८७ मध्ये फ्यूचर नावाच्या त्या मंडळींचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं आणि जगाला एक नवीन संगीत मिळालं. आज तीच पेटी लाखांत विकतात. अर्थात कोरी, कुणी न शिवलेली असेल तर जास्त.

आता ह्याच गोष्टीची मुंबईची बाजू ऐका. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बासगिटार वाजवणारा, सिंथेसायझर वाजवणारा माणूस. त्यानं १९८२ मध्ये, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी, हीच ३०३ पेटी आणि रोलँडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड निघाली. कुणी घेतली नाही. २०१० मध्ये एका परदेशी लेबलनं ती पुन्हा काढली तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली. मग म्हातारपणी त्याला युरोपात बोलावलं, तो वाजवून आला. २०१५ मध्ये मुंबईत वारला.

अठ्ठावीस वर्षं! ह्या शहरात ती रेकॉर्ड होती. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पोटमाळ्यावर, कुठल्या तरी पाटीवर जुन्या तव्यांच्या गठ्ठ्यात. कुणी दुसऱ्याच्या कानात घातली नाही. शिकागोत जुनं सामान फिरलं म्हणून संगीत झालं. मुंबईत संगीत झालं, पण फिरलं नाही म्हणून पुरलं गेलं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. सामान फिरायला पायजे आणि गाणं पण फिरायला पायजे. एक अडवलं की दुसरं मरतं.

गाणं अडवणारे सगळीकडं आहेत. भातखंडे जुन्या चीजा गोळा करत हिंडले तेव्हा कित्येक उस्तादांनी त्या दाबून धरल्या. त्यांनी मिळाल्या तेवढ्या लिहून, छापून उघड्यावर आणल्या. किंग्स्टनचे साउंड सिस्टिमवाले तर रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकायचे, दुसऱ्याला नाव कळू नये म्हणून. आजचा शौकीन दुर्मिळ रेकॉर्ड घेतो, प्लॅस्टिकमध्ये घालतो, फोटो दाखवतो, ऐकवत नाही. आणि ज्याच्याकडं नुसता मोबाइल आहे त्याला मोबाइल तेच ते देतो. काल ऐकलं त्याच्यासारखंच आज. परवाही तेच. मोबाइलमध्ये सगळं आहे म्हणतात. असेल. गोदीत पण सगळं असतं, पण कुठल्या कंटेनरमध्ये ते सांगणारा माणूस लागतो.

आणि अडवणारे आपल्यात पण आहेत. मी चार्ल्स मिंगस लावला की म्हणतात, "हे अवघड आहे, आपल्या लोकांना कळणार नाय." हे वाक्य आधी कुणी म्हटलं होतं? "ह्यांना कळणार नाही" असं म्हणूनच शाळेबाहेर बसवलं ना? मिंगस पोरवयात चेलो वाजवायचा. काळ्या पोराला चेलोवर वाद्यवृंदात कोण घेणार, असं सांगून त्याला बासकडं वळवलं. जातीचं काम म्हणून हाती आलेल्या त्या बासवर तो केवढा रचनाकार झाला! लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी पोरं शिरू नयेत म्हणून १९५७ मध्ये सैनिक उभे करणारा गव्हर्नर फॉबस, त्याच्यावर त्यानं गाणं केलं. १९५९ मध्ये मोठ्या कंपनीनं शब्द गाऊ दिले नाहीत. १९६० मध्ये छोट्या कंपनीकडं जाऊन त्यानं ते गायलंच. हे आपल्या लोकांना कळणार नाही? ऑर्नेट कोलमननं १९५४ मध्ये पितळी सॅक्सोफोन परवडेना म्हणून प्लॅस्टिकचा घेतला, आणि त्यावर १९५९ मध्ये सुरांची शिडीच काढून टाकली. हे कळणार नाही?

१९७२ मध्ये दलित पँथर ह्याच शहरात उभी राहिली, तेव्हा तिनं नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलं. नाव घेतलं. कविता वाचल्या. खर्ज घ्यायचा राहिला. तो आता आपण घ्यायचा.

कसा घ्यायचा? नुसतं बोलून नाही. माझ्या ओळखीचे सात-आठ वाजवणारे आहेत. आम्ही आपसात जे पाळतो ते इथं देतो. पटलं तर घ्या, नाय पटलं तर भांडायला या.

१. आपण कितीला घेतली ते विकताना सांगायचं. वर किती लावले तेही. लपवलेल्या भावात सावकारी सुरू होते.

२. दोष आपणहून दाखवायचे. मानेच्या आत लोखंडी सळई असते. तिचा नट झिजलेला असेल तर मुंबईच्या पावसाळ्यात वाकलेली मान पुन्हा सरळ होत नाही. हे माहीत असून गप्प राहणारा चोर.

३. अमेरिकेतून आलेला अँप १२० व्होल्टचा असू शकतो. मागची पाटी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावला की जळालाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च भावात धरा.

४. वाजवून बघू द्यायचं. सगळ्यांना. बूट न बघता.

५. चोरीचं घ्यायचं नाही. मागचा मालक कोण, नंबर खरवडलाय का, ते विचारायचं. जेमर्सनची गिटार ज्यानं विकली आणि ज्यानं गप्प बसून घेतली, ते दोघंही आपले नव्हेत.

६. जुन्या तारा फेकायच्या नाहीत. पाण्यात उकळून पुसल्या की आणखी काही दिवस आवाज उघडतो. नव्या पोराला शिकायला त्या पुरेत.

७. जड सामान एकट्यानं उचलायचं नाही. अँपेग एसव्हीटीची आठ स्पीकरची पेटी साठ किलोच्या वर भरते, डोकं वेगळं. कंबर गेली की ती जुन्या बाजारात मिळत नाही.

८. गिटार विकली की तिच्याबरोबर दहा रेकॉर्डी द्यायच्या. पेनड्राइव्हवर द्या, नावं कागदावर लिहून द्या, घरी बोलवून ऐकवा. त्यातल्या निदान पाच घेणाऱ्यानं आयुष्यात ऐकलेल्या नसाव्यात. वाजवणाऱ्यांची नावं लिहायची, बासवाल्याचं आधी.

९. सहा महिने वाजवली नाही तर सोडायची. आपल्या भिंतीला गिटार टांगलेली दिसली की समजायचं, आपण पण शौकीन झालो.

कुणी म्हणेल, ह्यानं काय होणार? कंत्राट सुटणार आहे का, पगार वाढणार आहे का? नाही. त्या लढाया वेगळ्या, त्या चालूच आहेत. पण दिवसभर दुसऱ्याचा माल उचलून आलेल्या माणसाला रात्री स्वतःचा आवाज काढता यायला पायजे. तो आवाज काढायचं हत्यार त्याला परवडायला पायजे. आणि जगात कुठं कुठं, कुणी कुणी, कसल्या मोडक्या सामानावर काय काय धाडस केलं, ते त्याच्या कानावर यायला पायजे. हे तीन नसेल तर आपण फक्त दुसऱ्यांच्या गाण्यावर टाळ्या वाजवायला उरतो.

तेव्हा भिंतीवरची खाली काढा. पेटीतली बाहेर काढा. स्क्रू फिरवा, पट्ट्या उपटा, रंग उडू द्या, घाम पडू द्या. शिवा तिला. शिवल्याशिवाय वाद्य वाजत नाही.

न शिवण्याची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजली. आता बास.